पणजोबांचे कात्रण आणि न छापलेली माणसे

धागा

१/
गेल्या महिन्यात आमच्या नात्यातल्या एका समूहात एक कात्रण फिरले. पिवळट कागद, कडा जळाल्यासारख्या, वर ‘केसरी’ हे नाव आणि १४ जून १८९० ही तारीख. मजकूर असा की, रायगड जिल्ह्यातील अमुक घराण्याच्या कर्त्या पुरुषाने आपल्या नावाने धर्मशाळा बांधून लोकांस अर्पण केली. दोन तासांत शंभरावर नमस्कार पडले. एका काकांनी ते चौकटीत बसवून दिवाणखान्यात लावायचे ठरवले.

२/
कात्रण बनावट होते. ते ओळखायला प्रयोगशाळा लागत नाही.

१८९० मध्ये केसरी साप्ताहिक होते आणि मंगळवारी निघत असे. १४ जून १८९० हा शनिवार होता. रायगड नावाचा जिल्हा तेव्हा अस्तित्वातच नव्हता; कुलाबा जिल्ह्याला ते नाव १९८१ मध्ये मिळाले. आणि सर्वांत मोठा पुरावा एका टिंबाचा. त्या काळचा जुळारी ‘नावाने’ असे कधी जुळवत नसे, तो ‘नांवानें’ असे जुळवी. नांव, गांव, पांच, केलें, गेलें, पुणें, ठाणें. हे अनुस्वार मराठी साहित्य महामंडळाच्या १९६२ च्या लेखननियमांनी गेले. ज्याने कात्रण रचले त्याने कागद जुना केला, भाषा जुनी करायला तो विसरला.

३/
हे मी समूहात लिहिले. उत्तर आले, “तुला आपल्या घराण्याचा अभिमान नाही का?”

हा धागा त्या प्रश्नाचे उत्तर आहे. ते त्या काकांपुरते नाही. इतिहासाची आवड असलेल्या आपल्यासारख्या तरुण मंडळींनाही ते लागू पडते, कारण बनावट कात्रण हा रोगाचा केवळ शेवटचा टप्पा आहे. मूळ रोग असा की, जुने वर्तमानपत्र आपण प्रतिष्ठेचा दाखला मागण्यासाठी उघडतो. खऱ्या अंकाकडूनही दाखलाच मागतो. मग तो मिळाला नाही की कुणी खोटा बनवतो, आणि कुणी मान खाली घालून म्हणतो, आमच्या घराण्याला काही इतिहास नाही.

दुसऱ्या माणसाची मला अधिक चिंता वाटते.

४/
माझे म्हणणे थोडक्यात असे: जुन्या वर्तमानपत्रात आपल्या पूर्वजाचे नाव शोधत बसणे ही बहुतेक मराठी कुटुंबांसाठी चुकीची वाट आहे. शोधायचा तो त्याच्या आयुष्यातला दिवस. नाव छापणे हे संपादकाच्या हाती होते. दिवस मात्र सगळ्यांवर सारखाच उगवला.

५/
आधी नावाचा हिशेब करू. बाळशास्त्री जांभेकरांचे ‘दर्पण’ ६ जानेवारी १८३२ रोजी निघाले. पुढे ‘प्रभाकर’, ‘ज्ञानोदय’, ‘ज्ञानप्रकाश’, १८६२ चे ‘इंदुप्रकाश’, १८८१ चे ‘केसरी’. ही परंपरा मोठी आहे आणि तिचा गौरव योग्यच आहे. पण तिचा वाचक कोण होता? १९०१ च्या जनगणनेत अवघ्या हिंदुस्थानात साक्षर माणसे शंभरात जेमतेम पाच. स्त्रियांत तर शंभरात एकही भरत नव्हती. जो वाचतो त्याच्याविषयी छापले जाते, हा व्यवहार आहे. सरकारी नेमणुका, बदल्या, सभा, वर्गण्या, परीक्षांचे निकाल, मानाच्या पदव्या. या रकान्यांत ज्यांची उठबस होती त्यांची नावे सापडतात, पुन्हा पुन्हा सापडतात, आणि त्यांचेच पणतू आज आपल्याला सांगतात की शोधले की सापडते!

६/
३१ जानेवारी १९२० रोजी ‘मूकनायक’ निघाला. त्याची जाहिरात पैसे घेऊनसुद्धा छापायला केसरीने नकार दिला, हे डॉ. आंबेडकरांनी पुढे ‘बहिष्कृत भारता’त लिहून ठेवले आहे. हा प्रसंग आपण एरवी पत्रकारितेच्या इतिहासात वाचतो. घराण्याचा शोध घेणाऱ्याने तो साधनचिकित्सेचा पहिला धडा म्हणून वाचावा. ज्या पानावर एका वर्तमानपत्राचे नाव पैसे मोजूनही येऊ शकत नव्हते, त्या पानावर त्याच्या वाचकाचे नाव नाही म्हणून तो वाचक नव्हता असे कोण म्हणेल?

तरी म्हणतात. रोज म्हणतात. “पुरावा दाखवा” हे वाक्य आज ज्या सुरात उच्चारले जाते त्यात जिज्ञासेचा अंश फार थोडा असतो.

७/
स्त्रियांचे पाहा. १८८५ मध्ये ‘टाइम्स ऑफ इंडिया’त बालविवाहावर आणि सक्तीच्या वैधव्यावर दोन पत्रे आली आणि मुंबईत खळबळ उडाली. खाली सही होती ‘एक हिंदू स्त्री’. त्या होत्या रखमाबाई, पुढे ज्यांच्या खटल्याने देश ढवळून निघाला आणि ज्या नंतर डॉक्टर झाल्या. एवढ्या कर्तृत्ववान बाईलाही आपले पहिले शब्द बिननावी छापावे लागले.

मग आपल्या पणजीचे काय? ती छापली गेलीच असेल तर ‘रा. रा. अमुक यांचे कुटुंब’ म्हणून. माहेरचे नाव वेगळे, सासरचे वेगळे, आणि छापील पानावर दोन्ही नाहीत. तिला नावाने शोधणारा यंत्रापुढे बसून हात हलवत परत येणार, हे ठरलेलेच आहे.

८/
यंत्राचा विषय निघालाच आहे म्हणून. “सगळे आता ऑनलाइन आहे, आडनाव टाका” हा सल्ला देणाऱ्यांनी एकदा स्वतः प्रयत्न करून पाहावा. जुना देवनागरी खिळा, फिकी शाई, पानाच्या मागून उमटलेली अक्षरे; ओसीआर तिथे अडखळतो आणि अडखळला हे सांगतही नाही. तुम्ही ‘गावकर’ शोधता, छापलेले असते ‘गांवकर’. इंग्रजी वर्तमानपत्रात ठाण्याचे ‘टॅना’, पवारांचे ‘पोवार’ किंवा ‘पुआर’. शिवाय एकोणिसाव्या शतकात आडनाव लिहिण्याची सक्ती कुणालाच नव्हती. माणूस आणि त्याचा बाप अशा दोन नावांवर काम भागे. ‘विठोबा रामजी’ हे कुणाचे पूर्वज, हे आडनावाच्या रकान्यातून कसे कळावे?

९/
आता दिवसाकडे येतो.

आपल्या घरांत तारखा राहत नाहीत, प्रसंग राहतात. “पणजी मानमोडीत गेली.” “प्लेगात आपण गाव सोडले.” “संपात आजोबा मुंबईहून परत आले.” “छप्पनच्या दुष्काळात गुरे विकली.” ही वाक्ये आपण आजीच्या आठवणी म्हणून हसत ऐकतो. ती वस्तुतः संदर्भसूची आहे. तिच्यात फक्त इसवी सन घालायचा राहिला आहे, आणि ते काम वर्तमानपत्र करते.

१०/
मानमोडी म्हणजे १९१८ चा इन्फ्लुएन्झा. त्याची मोठी लाट सप्टेंबर ते नोव्हेंबर. म्हणजे जिची जन्मतारीख घरात कुणालाच ठाऊक नाही त्या पणजीचा मृत्यू तुम्ही तीन महिन्यांच्या पट्ट्यात आणलात. त्या तीन महिन्यांचे अंक काढा. तिचे नाव नसेल. पण तिच्या तालुक्यात दवाखाना होता की नव्हता, धान्याचा भाव काय होता, पाऊस पडला होता की नाही (त्या वर्षी पावसाने दगा दिला होता), हे त्यात असू शकते. तिच्या शेवटच्या आठवड्याचे हवामान म्हणा हवे तर.

प्लेगचे जरा जपून. मुंबईत मांडवीला साथ ओळखली गेली सप्टेंबर १८९६ मध्ये; पुण्यात रँडच्या हुकमाने सोल्जर घरे तपासत होते ते १८९७ च्या मार्च ते मे या काळात, आणि त्या वर्षी २२ जूनला चापेकरांनी रँडवर गोळी झाडली. पण साथ त्यानंतरही वर्षानुवर्षे परतत राहिली. म्हणून “प्लेगात” एवढ्यावर थांबू नका. विचारा: तेव्हा सोल्जर घरात शिरले होते का? बाडबिस्तरा घेऊन माळावर झोपड्यांत राहिलात की थेट कोकणात गेलात? एका तपशिलाने दहा वर्षांचा पट्टा दहा आठवड्यांवर येतो.

११/
सापळेही आहेत. ‘छप्पनचा दुष्काळ’ १९५६ मध्ये शोधाल तर फसाल. तो विक्रम संवत १९५६, म्हणजे १८९९-१९००. गुजरात-राजस्थानात त्याला छप्पनिया म्हणतात आणि तिकडच्या वहिवाटीत वाढलेल्या घरांत तोच आकडा चालत आला आहे. शके असेल तर ७८ मिळवा, पण वर्ष चैत्रात बदलते हे ध्यानी ठेवा: शके १८१८ मधला चैत्र १८९६ मध्ये येतो आणि माघ १८९७ मध्ये. ‘संप’ म्हटले की आपल्याला १९८२ आठवतो; आजोबांचा संप १९२८ चाही असू शकतो. तो एप्रिलपासून ऑक्टोबरपर्यंत चालला, आणि त्या पावसाळ्यात गावी आलेल्या गिरणी कामगारांच्या घरी त्याची आठवण ‘तो पावसाळा’ अशीच राहिली असेल तर नवल नाही.

१२/
इथे विद्वान मंडळींचा आक्षेप येतो. वर्तमानपत्र हे दुय्यम साधन. अस्सल म्हणजे मोडी दप्तर, वतनाचे कागद, कुळकट. मान्य. पण वतनाच्या कागदात वतनदार सापडतो. ज्याला जमीनच नव्हती त्याचा कागद कुठल्या दप्तरात असणार? वर्तमानपत्रावर पक्षपाताचा आरोप करणाऱ्यांनी दप्तरालाही तोच प्रश्न विचारावा.

शिवाय वर्तमानपत्रात बातमीखेरीज पुष्कळ काही असते, आणि घराण्याच्या शोधाला तेच अधिक उपयोगी पडते. माझे सर्वांत आवडते रकाने जाहीर नोटिशींचे. “तमाम लोकांस कळविण्यात येते की” अशी सुरुवात, पुढे मिळकतीचे वर्णन, आणि मग चतुःसीमा: पूर्वेस अमक्याचे शेत, पश्चिमेस ओढा, दक्षिणेस तमक्याचे घर, उत्तरेस रस्ता. नोटीस एका भांडणाची असते. पण सीमा सांगताना चार शेजारी नकळत छापले जातात. ज्यांनी आयुष्यात कधी वर्तमानपत्र हाती धरले नाही अशी माणसे दुसऱ्याच्या जमिनीची हद्द म्हणून इतिहासात आलेली असतात. ती शोधायला आडनाव नको, गावाचे नाव हवे. आणि हो, अनुस्वारासकट हवे.

भावाभावांचे तंटे, दत्तकाचे वाद, वारसाचे दावे तिथेच सापडतात. “आमच्या घराण्यात कधी कोर्टकचेरी झाली नाही” असे म्हणणाऱ्यांनी तो रकाना उघडण्यापूर्वी दोनदा विचार करावा.

१३/
वर्तमानपत्र गप्प असते तेव्हाही कारण शोधा. १४ एप्रिल १९४४ रोजी मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत ‘फोर्ट स्टिकीन’ या दारूगोळा भरलेल्या जहाजाचा स्फोट झाला. शहर हादरले, माणसे शेकड्यांनी गेली. पण काळ युद्धाचा होता. सविस्तर वृत्त बाहेर पाठवण्यावर सेन्सॉरचे कुलूप होते आणि ते पुढच्या महिन्यात निघाले. कुणाचे आजोबा त्या गोदीत माथाडी होते आणि दुसऱ्या दिवशीच्या अंकात त्यांचा मागमूस नाही, तर त्यावरून आजीची आठवण खोटी ठरत नाही. मे महिन्याच्या अंकांपर्यंत जा. मग नंतरच्या चौकशीच्या बातम्यांपर्यंत जा.

१४/
एक विचित्र गोष्ट सांगतो. सत्यशोधकांचे ‘दीनबंधु’ कृष्णराव भालेकरांनी १८७७ मध्ये पुण्यात काढले. पुढे मुंबईत नारायण मेघाजी लोखंड्यांनी ते चालवले. गिरणी कामगार, माळी, कुणबी यांच्याविषयी त्यात जे येत होते ते इतरत्र क्वचितच आले असेल. त्याचे सगळे अंक आज सलग हाती लागत नाहीत. मग अभ्यासक काय करतात? इंग्रज सरकारने देशी वृत्तपत्रांवर नजर ठेवण्यासाठी दर आठवड्याला एक गोपनीय अहवाल तयार करवून घेतला होता. त्यात मराठी, गुजराती मजकुराचे इंग्रजी सारांश असत. ते अहवाल टिकले. म्हणजे आपल्या लोकांनी आपल्या लोकांसाठी लिहिलेले शब्द आपण सांभाळले नाहीत, आणि ज्यांना त्या शब्दांचा संशय होता त्यांनी ते फाइलला लावून ठेवले.

अभिमानाची भाषा करणाऱ्यांनी याचे उत्तर द्यावे.

१५/
सांभाळण्यावरून आठवले. काही वर्षांपूर्वी एका जुन्या ग्रंथालयात मी १९२० च्या दशकातली एका तालुक्याच्या साप्ताहिकाची फाइल मागितली. नाव सांगत नाही. तिथले लोक वाईट नव्हते, हतबल होते. फाइल आली ती पिशवीतून. पान उलटले की कोपरा हातात येई. त्याच टेबलावर १८४० च्या दशकातला एक अंक होता, तो मात्र खणखणीत. यात चमत्कार काही नाही. जुना कागद चिंध्यांच्या लगद्याचा असे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून लाकडाच्या लगद्याचा स्वस्त कागद आला आणि त्यातले आम्ल त्यालाच खाऊ लागले. परिणाम उलटा होतो: दूरचे टिकते, जवळचे झडते. आणि बहुजनांची, गिरणगावाची, दलितांची वर्तमानपत्रे निघाली ती बहुतांशी या स्वस्त कागदाच्या काळात. आधी छापले गेले नाही, आणि जेव्हा छापले गेले तेव्हा कागद मरणारा मिळाला.

‘मूकनायक’ आणि ‘बहिष्कृत भारता’चे उपलब्ध अंक निदान ग्रंथरूपाने पुन्हा छापले गेले आहेत. १९२७ च्या महाड सत्याग्रहानंतर दोनच आठवड्यांनी, ३ एप्रिलला, ‘बहिष्कृत भारत’ सुरू झाले. ज्यांच्या घरात “आपले कोणी महाडला होते” असे वाक्य आहे त्यांनी ते अंक पहिल्या पानापासून वाचावेत, चाळू नयेत.

१६/
म्हणून माझी भांडणाची जागा स्पष्ट आहे. कात्रण चौकटीत बसवण्यावर जेवढा खर्च होतो त्याच्या दशांशात एका फाइलची छायाचित्रे निघतात. मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय, ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय, पुणे नगर वाचन मंदिर, जिल्ह्याजिल्ह्यांतली शतक ओलांडलेली वाचनालये. जा, रीतसर परवानगी मागा, फ्लॅश बंद ठेवा, पान बोटाने ओले करू नका. छायाचित्र काढाल तेव्हा फक्त तुमची ओळ काढू नका. पूर्ण पान, वरच्या पट्टीतली तारीख आणि अंकाचा क्रमांक, सगळे घ्या. शेजारच्या रकान्यात दुसऱ्या कुणाची पणजी असेल.

आणि एकाच वर्तमानपत्रावर विसंबू नका. संमतिवयाच्या वादात ‘केसरी’ आणि ‘सुधारक’ एकाच शहरात, एकाच आठवड्यात, दोन वेगळी पुणी दाखवतात.

१७/
समूहातल्या त्या वादानंतर दोन दिवसांनी एका मावशींचा स्वतंत्र निरोप आला. समूहात त्या कधी काही लिहीत नाहीत. लिहिले होते:

“तुला जुने पेपर कळतात म्हणून विचारते. माझ्या सासूबाईंचे वडील बोटीत गेले. मुंबईहून घरी येत होते. गटारी होती एवढेच त्या सांगायच्या. आणि नंतर स्वातंत्र्याचे पेढे वाटले तेव्हा त्यांच्या घरात कुणी खाल्ले नाहीत. साल कळेल का?”

१८/
साल कळते. तारीखही कळते. १७ जुलै १९४७, गुरुवार. ‘रामदास’ बोट. सकाळी भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघाली आणि काशाच्या खडकाजवळ उलटली. सहाशेहून अधिक माणसे गेली. कितीतरी सणासाठी घरी निघालेले चाकरमानी. रेवसच्या बाजूच्या कोळ्यांनी होड्या घालून जमेल तितक्यांना वाचवले. स्वातंत्र्याला चार आठवडे उरले होते.

सासूबाईंनी तिथी धरून ठेवली होती आणि पेढे धरून ठेवले होते. दोन्ही बरोबर होते. शिकल्या नव्हत्या त्या.

१९/
मी मावशींना तारीख कळवली. बराच वेळ उत्तर आले नाही. मग विचारले, “त्यांचे नाव छापले असेल का रे?”

खोटे सांगवेना. म्हटले, नसेलही कदाचित. पण बोट किती वाजता सुटली, समुद्र कसा होता, पुढचे काही दिवस प्रेते कुठल्या किनाऱ्यांना लागत होती आणि त्यांची ओळख कुठे पटवत होते, हे छापलेले असेल. आणि त्यांच्या घरातून कोणी धक्क्यावर शोधायला गेले असेल तर ते त्याच गर्दीत उभे असतील.

त्या म्हणाल्या, “मग ते आण.”

मंगळवारी जातो आहे. १८ जुलै १९४७ पासूनची फाइल सांगून ठेवली आहे. कुणाच्या घरात या बोटीची आठवण असेल तर खाली लिहा. गाव लिहा, नाव नाही लिहिले तरी चालेल. पाने काढतो तेव्हा तुमच्या गावाकडेही लक्ष ठेवीन.